हॉलला एसी घ्यायचा, की आधी छपराकडे बघायचं?



गेल्या दोन महिन्यांत आपल्या केंद्रावर गटांचे जे फोन आले, त्यांत एक प्रश्न फिरून फिरून येतो आहे. गटाचा शिलाईचा हॉल आहे, वर पत्रा आहे. एप्रिल-मे महिन्यात अकरानंतर आत बसवत नाही. बायका घरी निघून जातात, ऑर्डर रखडते. कुणी म्हणतं एसी बसवू, कुणी म्हणतं कूलर आणू. दुकानदार म्हणतो, ‘ताई, सहाशे फुटाचा हॉल आहे, पाच टन तरी लागणारच, हप्त्यावर करून देतो.’ आणि गटाच्या नावावर बँकेचं एक कर्ज आधीच आहे. मग करायचं काय?

आज त्याच्यावरच बोलू. घरातल्या एसीचं आणि कामाच्या जागेच्या एसीचं गणित वेगळं असतं. घरी रात्री दोन-चार माणसं निजतात. हॉलमध्ये भर दुपारी बारा-पंधरा बायका, मशीनं, इस्त्री, दिवे, दार सारखं उघडंमिटं. आणि लाइटबिल जातं ते गटाच्या नफ्यातून. एसी भिंतीवर आहे, वर धुळीचं कापड घातलंय, कारण दुसऱ्या महिन्याचं बिल बघून सगळ्यांनी हात टेकले, असे हॉल आम्ही पाहिले आहेत. हप्ता मात्र चालूच असतो.

आधी तो ‘टन’ काय असतो ते समजून घेऊ, कारण दुकानात सगळा व्यवहार त्या एका शब्दावर होतो. टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. पूर्वी गारवा बर्फाने मोजायचे. सुमारे ९०० किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढणारं मशीन एक टनाचं. विजेच्या मापात सांगायचं तर एक टन म्हणजे साधारण साडेतीन हजार वॉट उष्णता. एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून पहिला प्रश्न असा की आपल्या हॉलमध्ये उष्णता येते कुठून आणि किती.

चला, मोजूनच बघू. हॉल तीस फूट लांब, वीस फूट रुंद, म्हणजे सहाशे चौरस फूट. बारा बायका आहेत. बसून काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून शे-सव्वाशे वॉट उष्णता निघते. बारा जणींची मिळून झाली दीड हजार, म्हणजे अर्ध्या टनाहूनही कमी. मशीनच्या मोटारी, दिवे, पंखे यांची धरा आणखी दीड हजार. इस्त्रीची एक हजार. भिंती, खिडक्या, दार यांतून येणारी वेगळी. आता वर बघा. मे महिन्यात दुपारी उघडा पत्रा ६० अंशांपर्यंत सहज तापतो. हात लावून बघायचीही सोय नसते. त्या तापलेल्या पत्र्यातून सहाशे फुटांच्या हॉलमध्ये जी उष्णता खाली उतरते, ती साधारण हिशेबाने दहा हजार वॉटच्या आसपास जाते. म्हणजे जवळजवळ तीन टन!

दुकानदाराचे पाच टन काही खोटे नाहीत. पण त्यातले तीन टन पत्र्याचे आहेत, आपले नाहीत. दीड-दीड टनाचे दोन एसी आपण कर्ज काढून घेणार, आणि ते दोन्ही दिवसभर नुसते पत्र्याशी भांडत बसणार.

म्हणून आमचं म्हणणं असं की कोटेशन मागवण्याआधी छपराचं काम करा. सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरा रंग. स्लॅब असेल तर चुन्याची निवळी आणि त्यात चिकटपणासाठी थोडा फेव्हिकॉल, असे दोन-तीन हात मार्चमध्ये मारायचे. चुना पावसात धुपतो, दर वर्षी पुन्हा मारावा लागतो, पण खर्च हजारांतच राहतो. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो घ्या. आतला उकाडा त्याने दोन-चार अंश तरी उतरतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी तोंड देण्याचा आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम त्यात आलं. तिथल्या बायकांच्या संस्थांनीही ते काम हातात घेतलं. तेव्हा ही काही गरिबाची तात्पुरती तडजोड नाही.

रंगानंतर पत्र्याखालचं छत. पत्रा आणि छत यांच्यामध्ये फूट-दीड फूट मोकळी जागा ठेवून पट्ट्यांवर शीट बसवतात. ती हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवायची, नाहीतर वर भट्टी तयार होते. एक सावधगिरी घ्या. शिलाईच्या हॉलमध्ये थर्माकोलचं छत लावू नका. कापड, इस्त्री आणि थर्माकोल ही जोडी आगीला आमंत्रण देते. नवा हॉल बांधायचा असेल तर साध्या पत्र्याऐवजी मध्ये फोम भरलेला जाड पत्रा मिळतो, त्याची किंमत जास्त, पण नंतरच्या एसीचा आणि बिलाचा हिशेब धरला तर तो परवडतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून जाळी नाहीतर तुराट्यांचा कूड. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं असतं, आत पडदा लावला तर ऊन आत येऊन बसलेलंच असतं. आपल्या आज्या दाराला वाळ्याचे पडदे लावून पाणी शिंपायच्या, त्यांना टन ठाऊक नव्हता, पण हे ठाऊक होतं.

एवढं केलं की छपरातली तीन टनांची उष्णता एक टनाच्या आत येऊ शकते. आता मशीनचं बोलू.

कूलर की एसी, हे आपल्या हवेवर ठरतं. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. पाणी सुकताना हवेतली उष्णता खातं, माठातलं पाणी गार होतं तसंच. पण पाणी सुकायला हवा कोरडी पाहिजे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश इथे मे महिन्यात बाहेर ४३ अंश असले तरी हवा कोरडीठाक असते. चांगल्या कूलरमधून तेव्हा २८ ते ३० अंशांची हवा येते. वीज लागते दोनशे-अडीचशे वॉट, मोठ्या कूलरला थोडी जास्त. दीड टनाच्या एसीच्या पाव भागाहूनही कमी. लोडशेडिंगमध्ये बॅटरीवरही चालतो. कोकणात मात्र ३३ अंशच असतात, पण हवा आधीच ओली. तिथे कूलर लावला तर गारवा येत नाही, अंगाला चिकटपणा तेवढा वाढतो. हे बोलणं छापून आल्यावर कोकणातल्या बहिणी वाचतील, त्यांनी कूलरच्या नादी लागू नये. आपल्याकडेही पाऊस सुरू झाला की कूलर आवरून ठेवायचा.

कूलर घेताना डब्यावर हवेचा आकडा बघा, ‘घनमीटर प्रति तास’ असा लिहिलेला असतो. आपल्या सहाशे फुटांच्या, दहा फूट उंच हॉलमध्ये १७० घनमीटर हवा मावते. ती दर दोन-तीन मिनिटांनी बदलली पाहिजे. म्हणजे सगळे कूलर मिळून तासाला साडेतीन ते पाच हजार घनमीटर हवा द्यायला हवेत. घरगुती छोटा कूलर कोपऱ्यात ठेवून ते होत नाही. दोन मोठे कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवायचे, म्हणजे ते बाहेरची कोरडी हवा घेतील, आणि समोरच्या भिंतीतल्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की अर्ध्या तासात आत नुसती वाफ साठते. एसीला खोली बंद लागते, कूलरला उघडी.

आता पाण्याचं. कूलरवाले हे कधी सांगत नाहीत. एवढ्या मोठ्या हॉलला गार ठेवायला, ऐन उन्हाळ्यात, दिवसाचे आठ तास कूलर चालले तर अडीचशे ते तीनशे लिटर पाणी उडून जातं. म्हणजे दीड ड्रम. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजलं तर वीस हंडे! ज्या गावाला एप्रिलपासून टँकर लागतो, तिथे हे वीस हंडे कोण भरणार? गटातल्याच बायका भरणार, आणि त्याचा हिशेब कुठल्याही वहीत लिहिला जाणार नाही. बिल कमी आलं म्हणून कूलर स्वस्त, असं म्हणण्याआधी ह्या हंड्यांचं बोला. नळ आहे, बोअर आहे, पाणी पुरतं, तर कूलरसारखं सोयीचं काही नाही. पाणी नसेल तर छप्पर, छत, वरची गरम हवा ओढणारे एक्झॉस्ट पंखे आणि कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा, हा पहिला उपाय. पारा चाळिसाच्या वर गेला की नुसता छताचा पंखा अंगावर तापलेली हवा मारतो, तेव्हा दुपारची पाळी बंद ठेवलेलीच बरी. ऑर्डर देणाऱ्याशी हे मार्चमध्येच बोलून घ्या.

कूलरबाबत आणखी एक, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं जातात. पाणी, लोखंड आणि ओले पाय. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनही काढायची, तीन पिनांचाच प्लग वापरायचा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यायचं, आणि बोर्डावर गळती वीज ओळखून आपोआप बंद पडणारा स्विच बसवायचा, तीस मिलिअँपिअरचा. तो नसेल तर कूलर घेण्याचा ठरावच करू नका. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. त्या साचलेल्या पाण्यात डेंगीचा डास होतो.

काही कामांना कूलर चालतच नाही. मसाला, हळद, पापड, पीठ यांचं युनिट असेल तर कूलरच्या ओल्या हवेने गुठळ्या होतात, बुरशी धरते, पाकिटं परत येतात. अशा ठिकाणी दळण-कांडपाच्या खोलीला चांगला एक्झॉस्ट द्या, आणि एसी लावायचाच तर फक्त पॅकिंगच्या छोट्या खोलीला लावा. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, ती जी नळी बाहेर टपटपत असते ते तेच पाणी. गंमत अशी की आजच्या एसीचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालाच नव्हता. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग जागच्या जागी बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा आवरायला यंत्र आखलं. तेव्हा मालासाठी एसी ही जुनीच गोष्ट आहे.

ज्यांना एसीच लागणार, म्हणजे तालुक्याच्या गाळ्यातलं पार्लर, संगणक केंद्र, कोकणातला हॉल, त्यांच्यासाठी आता सांगतो. पहिलं, सगळा हॉल गार करायचा हट्ट धरू नका. काम जिथे बसून होतं तेवढा भाग पार्टिशन घालून वेगळा करा, कापडाचे गठ्ठे आणि तयार माल बाहेर ठेवा. इस्त्रीचं टेबलही बाहेर ठेवा, तिथे एक्झॉस्ट द्या.

कुठल्या प्रकारचा घ्यायचा? खिडकीचा एसी स्वस्त, काढघाल सोपी, पण आवाज फार. भिंतीवरचा स्प्लिट आपल्या बहुतेक जागांना पुरतो. मोठ्या इमारतीत छतातले चौकोनी एसी, पत्र्याच्या नळ्यांतून हवा नेणारे, किंवा बाहेर एक मोठं मशीन आणि आत दहा खोल्यांना दहा, असेही प्रकार असतात. प्रभागसंघाची दोन मजली इमारत होते आहे, तिथे एक इंजिनिअर हा शेवटचा प्रकार सुचवतो, असं एका ताईंनी विचारलं होतं. आमचं मत, घेऊ नका. एकाच वेळी सगळ्या खोल्या भरलेल्या नसतात, आणि ते एक मशीन बंद पडलं की सगळी इमारत बंद. दुरुस्तीचा माणूस जिल्ह्याहून नाहीतर त्याच्याही पुढून येणार. खोलीगणिक वेगळे स्प्लिट घेतले तर एक बिघडला तरी बाकीचे चालतात, आणि तालुक्यातला मेकॅनिक दुरुस्त करू शकतो.

स्टारचं काय? जास्त स्टार म्हणजे चांगला, हे खरं, पण पैसे वसूल व्हायला तो चालला पाहिजे. एसीवरच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते वर्षाला १,६०० तास धरून. समजा तीन स्टारवर १,००० युनिट आहेत आणि पाच स्टारवर ८००. फरक २०० युनिटांचा, म्हणजे आठ तासांच्या एका दिवसाला एक युनिट. शिलाईचा हॉल उन्हाळ्याचे शंभर दिवस एसी वापरणार, तर वाचले शंभर युनिट. दर दहा रुपये धरला तर वर्षाचे हजार रुपये. पाच स्टारला आठ-दहा हजार जास्त मोजले असतील तर ते फिटायला आठ-दहा वर्षं! पार्लर मात्र वर्षाचे तीनशे दिवस, रोज दहा तास एसी चालवतं. तिथे वर्षाला पावणेचारशे युनिट वाचतात, जास्तीचे पैसे अडीच-तीन वर्षांत निघतात. म्हणून हॉलला तीन स्टार, पार्लरला पाच. आपला दर आपल्या बिलावरून घ्या, आणि लेबलवरचं वर्ष बघा, कारण स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात. जुन्या मालाचे पाच स्टार नव्या निकषांत कमी भरतात.

२०२० पासून नवीन एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर येतो, तो नियमच आहे. तो अठरावर नेऊन खोली लवकर गार होत नाही, मशीन नुसतं जास्त वेळ राबतं. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २६ वर ठेवा, जोडीला पंखा लावा, कुणाला कळणारही नाही.

पार्लरवाल्यांना एक सांगायचं आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. केस सरळ करण्याची रसायनं, नेलपॉलिश, स्प्रे यांचा वास तुम्ही दिवसभर तोच तोच घेत असता. गिऱ्हाईक तासाने जातं, तुम्ही दहा तास तिथेच असता. छोटा एक्झॉस्ट चालू ठेवा, थोडा गारवा बाहेर गेला तर जाऊ दे.

विजेच्या जोडणीचं आधी बघा, एसी आणल्यावर बघू नका. एसीला वेगळी जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि सोळा अँपिअरचा प्लग लागतो. मंजूर भार अपुरा असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागतो, त्याने दरमहाचा स्थिर आकारही बदलू शकतो. उत्पादन करणारं युनिट आणि दुकान यांचे दर वेगळे असतात, आपली जोडणी कुठल्या वर्गात आहे ते बिलावर छापलेलं असतं. घरगुती जोडणीवर हॉल चालवत असाल तर ते सापडल्यावर दुप्पट दराने आकारणी होते, कायद्यात तशी तरतूद आहे. गावात दिव्याचा दाब खाली-वर होतो, तेव्हा एसी किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो ते दुकानदाराकडून लिहून घ्या.

आणि दर उन्हाळ्याला ‘गॅस संपला’ म्हणून जो मेकॅनिक पैसे घेतो, त्याला विचारा, गेला कुठे? एसीचा गॅस बंद नळीत फिरत असतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी गळती बुजवा, मग भरा. आताच्या बऱ्याच एसींत जो गॅस येतो तो थोडा पेट घेणारा आहे, तेव्हा ते काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. जाळी मात्र आपण पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, शिलाईच्या हॉलमध्ये धाग्यांच्या कचऱ्याने ती आठवड्यातही भरते.

एक गोष्ट बोलू की नको असं वाटत होतं, पण बोलतो. काही ठिकाणी पैसे आले की पहिला एसी लागतो तो ऑफिसच्या खोलीत, जिथे अध्यक्ष-सचिव बसतात आणि पाहुणे येतात. शिलाईच्या बायका पत्र्याखालीच. गरोदर बाई, रक्तदाब असलेली बाई दुपारी मशीनवर बसलेली असते. गरगरणं, मळमळ, घाम अचानक बंद होणं ही उष्माघाताची चिन्हं आहेत. तिला सावलीत निजवून, अंग ओलं करून वारा घालायचा आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. पैसे कुठल्या खोलीवर खर्च होणार, हे मासिक सभेत सगळ्यांसमोर ठरवा, ठरावात लिहा.

कोटेशन तीन मागवा आणि तिन्ही लेखी. त्यात उष्णतेचा हिशेब कसा केला, छप्पर कसलं धरलं, तांब्याची नळी किती फूट, बसवण्याचे पैसे, पहिल्या वर्षाच्या सर्व्हिसिंग किती, आणि मेकॅनिक कुठल्या गावाहून येणार, हे असलंच पाहिजे. जो दुकानदार जागा न बघता फोनवरच टन सांगतो, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

आपल्या हॉलची लांबी, रुंदी, उंची, छप्पर कशाचं, किती जणी बसतात, पाणी कुठून येतं आणि मागच्या मे महिन्याचं बिल, एवढं एका कागदावर लिहून केंद्रावर पाठवा. पुढच्या बुधवारी दोन-तीन हॉलचा हिशेब आपण इथेच, सगळ्यांसमोर मांडू.